बत्तीस घरांचा म्हसोबा

मांजरी, पुणे
४ नोव्हेंबर २०२४

चि. मुक्ता,

त्या दिवशी सकाळी आंघोळ करून मी नदीकाठी गेलो आणि एका काळ्या दगडाला तेल-शेंदूर लावला. करंजाच्या रोपांमध्ये दोन विटा रोवून त्यावर तो उभा केला, पुढे नारळ फोडला. मग हात जोडले, पण तोंडातून नाव फुटेना. चाळीस वर्षं रोज देवपूजा करणारा मी, त्या दगडापुढे काय म्हणावं हे मला सुचलं नाही. तसाच घरी आलो आणि तुझ्या वहिनीला सांगितलं की पहाटे म्हसोबाने दृष्टांत दिला. गेल्या वर्षीच्या जूनमधली ही गोष्ट. दुपारपर्यंत ती गावभर झाली होती.

काल भाऊबीज झाली. तू येणार नाहीस हे माहीत असून वहिनीने पाट मांडला होता. संध्याकाळी तिनेच तो उचलून भिंतीला लावला.

हॉस्पिटलच्या जिन्यात तू मला एकच विचारलं होतंस, "दादा, कोयता कोणाच्या हातात होता?" मी म्हणालो, "मी उशिरा पोचलो गं." तू माझ्याकडे पाहिलंस, औषधांची पिशवी उचललीस आणि वर निघून गेलीस. पुढे अंथरुणाला खिळलेल्या तुझ्या बाबुरावांना घेऊन दारव्ह्याला सासरी गेलीस ती गेलीसच. नऊ महिने झाले. फोन तू उचलत नाहीस, म्हणून लिहितो आहे. पत्र फाडता येतं, पण फाडण्याआधी माणूस एकदा बघतो तरी.

तू तेव्हा हडपसरला राहत होतीस. यातलं निम्मं तुला माहीत आहे, पण निम्म्यानेच घोटाळा होतो. म्हणून पहिल्यापासून सांगतो.

पद्मजाताई पहिल्यांदा आल्या तेव्हा आपल्या काठाची काय दशा होती ती तू पाहिली आहेस. पाण्यावर जलपर्णीचा हिरवा गालिचा, खाली काळं पाणी, वर डासांचे ढग. ताईंची संस्था आम्हाला नदीचा काठ पुन्हा उभा करण्याचे पैसे देणार होती. काठाला नांगर लावायचा नाही, म्हशी सोडायच्या नाहीत, काही जाळायचं नाही. जलपर्णी ओढून काढायची. वाळुंज, करंज, उंबर, जांभूळ लावायचे. दर सहा महिन्यांनी त्यांची माणसं येऊन जगलेली झाडं मोजणार आणि त्यावर बत्तीस घरांना हप्ता मिळणार.

"म्हंजी नांगरायचं न्हाय, चारायचं न्हाय, आन पैसं घ्यायचं? काय न करन्याचं पैसं?" अनिरुद्धने विचारलं होतं. तोच तो अनिरुद्ध, आपल्या मागच्या गल्लीतला, सहा म्हशींवाला.

"तुम्हाला ते जमेल असं वाटतंय का?" ताई म्हणाल्या. सगळे हसले, आणि तिथेच ठरलं.

अट एकच कडक होती. काठ सगळ्यांचा मिळून एक धरायचा. एका जागी जरी कोणी भराव टाकला, तरी बत्तीसही घरांचा हप्ता थांबणार. त्यामुळे प्रत्येक जण दुसऱ्याचा काठ सांभाळेल, असा ताईंचा हिशोब. तो खराही ठरला. मला राखणदार नेमलं, गटाच्या वतीने करारावर सही माझी घेतली. दोन वर्षांत रोपं माणसाच्या खांद्याला लागली. अनिरुद्धची बायको अक्षता आणि इतर बाया जलपर्णीचं खत करून रोपवाटिकांना विकू लागल्या. खंड्या पक्षी दिसायला लागला. एकदा मी ओंजळीत पाणी घेतलं आणि त्याला वास आला नाही. त्या दिवशी मी देवापुढे जास्त वेळ बसलो होतो.

मग डंपर यायला लागले. पुण्यातली जुनी घरं पडतात, त्याचा राडारोडा कुठेतरी टाकावा लागतो. लांब न्यायला डिझेल जातं. नदी जवळ. दिग्विजयशेठचा ठेका होता. आम्ही आडवे उभे राहिलो तर पहिल्या गाडीचा क्लीनर चाक खोलायची लोखंडी टॉमी घेऊन उतरला आणि सरळ माझ्या तोंडावर मारली. दोन दात तिथेच मातीत पडले. अनिरुद्ध मध्ये पडला, त्याची बोटं मोडली. त्याच्या पोटात लाथा घालताना तो क्लीनर गाणं गुणगुणत होता. मग त्यांनी आमच्यासमोर गाडी उलटी घेऊन चाळीस जांभळांवर विटा ओतल्या. आम्ही तक्रार दिली. पोच मिळाली. त्या सहामाहीचा हप्ता गेला.

हे डंपरवाले पाटीला भीत नाहीत, पोलिसाला भीत नाहीत. पण गाडी सुरू करताना स्टिअरिंगला हात लावून तो कपाळाला लावतात, हे मी पाहिलं होतं. तिथून मला म्हसोबा सुचला. आणि तो चालला, मुक्ता. पुढच्या आठवड्यात आलेला डंपर शेंदूर बघून थांबला. ड्रायव्हर उतरला, पाया पडला आणि भरलेली गाडी घेऊन परत गेला. नंतर नारळ येऊ लागले, मग नवस. अक्षताने मुलीच्या तापासाठी बोललेला नवस फेडला. देवाच्या जागेवर चाक घालायचं नाही, हा नियम मी केला नव्हता. तो लोकांनी केला.

दगड कुठला, हे मला अजून कोणी विचारलेलं नाही. नदीकाठी दगडांना काय तोटा.

मी उशिरा पोचलो होतो. एवढंच पुन्हा लिहितो.

तुझा दादा,
ज्ञानदेव


मांजरी
२४ नोव्हेंबर २०२४

चि. मुक्ता,

उत्तर नाही आलं. आलं असतं तर हे लिहायला जड गेलं असतं.

मी उशिरा पोचलो नव्हतो. पहिल्यापासून तिथेच होतो.

नऊ फेब्रुवारी, शुक्रवार, संध्याकाळचे पाच. सोमवारी झाडांची मोजणी ठरलेली होती, म्हणून सगळी घरं काठावर आळी करत होती, पाणी घालत होती. बायामाणसं धरून साठ तरी असतील. वरच्या रस्त्याने डंपर उतरताना दिसला. जवळ आल्यावर ड्रायव्हर दिसला. बाबुराव.

लोकांना गंमत वाटली. "ज्ञानदेवदादा, पाव्हनं आलं की! च्या टाका!" कोणीतरी ओरडलं. दुसरा म्हणाला, "च्या न्हाय, जेवनच घाला. गाडी भरून आहेर आनलाय."

बाबुराव खाली उतरले. चेहरा उतरलेला होता. मला बाजूला घेऊन म्हणाले, "दादा, आज एक खेप टाकू द्या मले. दोन खेपा परत नेल्या म्हून शेठ चिडला. म्हणते, तुह्याच सासुरवाडीचा काठ हाय, तूच जाऊन टाकून दाखव. नाई तं चाबी ठेव अन् घरी जाय."

मी म्हणालो, "सोमवारी मोजणी आहे, बाबुराव. बत्तीस घरांचं जाईल."

"मले बी घर हाय ना, दादा."

त्यांनी उत्तराची वाट पाहिली नाही. गाडीत चढले आणि गाडी मागे घेतली. मागची चाकं अक्षताच्या पट्ट्यात गेली. अकरा करंज आडवे झाले, आणि एक चाक विटांच्या त्या ओट्याला घासून थांबलं. अक्षताने पहिला दगड मारला. काच फुटली. मग कोणी कोणाला काही सांगावं लागलं नाही. लोकांनी दार उघडून त्यांना खाली ओढलं. शर्ट फाटला. "द्येवाच्या जागेवर चाक घातलं!" असा एकच गलका झाला.

ते एकदा उठून उभे राहिले, काही बोलू लागले. त्यानंतर कोयता लागला. जलपर्णीची मुळं तोडायला आमच्याकडे पाच-सहा कोयते असतात. कोणाचा लागला ते मला दिसलं नाही, गर्दी होती.

पुढचं मात्र दिसलं. बांबू, फावड्याचे दांडे, विटा. ज्या विटा त्यांच्याच डंपरमधून सांडल्या होत्या, त्याच. खळ्यावर कणसं बडवताना येतो तसा आवाज येत होता, आणि थोड्या वेळाने तो एका लयीत यायला लागला. "म्हसोबाच्या नावानं चांगभलं!" प्रत्येक वेळी चांगभलं म्हटलं की एक दांडा खाली यायचा. ज्या बाईने कधी कोंबडी कापलेली पाहिली नाही तिने त्यांच्या पायावर वीट मारली आणि मग पदराने हात पुसले. डोक्यावरचा घाव कोणाचा ते कोणालाच सांगता आलं नाही. तो लागल्यावर त्यांचे डोळे उघडे राहिले, पण आत कोणी नसल्यासारखं वाटलं. तेव्हा सगळ्यांनी दांडे खाली टाकले. टाकलेले दांडे पुन्हा उचलून नदीत फेकायला सुरुवात झाली.

तुला हे कळवायला नको होतं. पण तू पोचलीस तेव्हा फक्त पट्ट्या पाहिल्यास. आपल्या लोकांनी काय केलं ते तुला कोणीतरी आपल्यातल्यानेच सांगायला हवं.

वरच्या इमारतीतून कोणीतरी मोबाईलवर चित्रण केलं होतं. त्यात अनिरुद्धच्या हातात रक्ताळलेला कोयता स्पष्ट दिसतो. सात जणांना धरलं. सहा जामिनावर सुटले. अनिरुद्ध अजून येरवड्यात आहे. त्याने जबाबात एवढंच सांगितलं, "कोयता माज्या हातात व्हता." खोटं नाही ते.

चौथ्या दिवशी पद्मजाताई आल्या. म्हसोबासमोर उभं राहून त्यांनी तो नीट पाहिला. इतके दिवस त्यांनी त्याच्याकडे कानाडोळा केला होता, झाडं जगत होती म्हणून.

"ज्ञानदेव," त्या म्हणाल्या, "देव आपल्या करारात नव्हता."

मी ओट्यावरची सुकलेली फुलं उचलून बाजूला ठेवली.

"पैसे देणाऱ्यांनी मला एकच प्रश्न विचारलाय. एका माणसाचं डोकं फिरलं, की गटाने मिळून केलं? एका माणसाचं असेल तर काम चालू राहील. गटाचं, किंवा गटाच्या जबाबदार माणसाचं असेल, तर करार संपला. काय कळवू?"

"एका माणसाचं," मी म्हणालो.

"बरं झालं. मला वाटलं तुम्ही विचार करायला वेळ घ्याल."

मे महिन्यात मोजणी झाली. हप्ते पुन्हा सुरू झाले. अक्षतालाही मिळतो. ती तो घेते आणि दर गुरुवारी डबा करून येरवड्याला जाते. डबा आत घेत नाहीत, तरी नेते.

ज्ञानदेव


मांजरी
१५ डिसेंबर २०२४

चि. मुक्ता,

तुझं कार्ड मिळालं. इतक्या वेळा वाचलं की पाठ झालं आहे. "तुमची दोन्ही पत्रं मिळाली. मी ती ह्यांना वाचून दाखवते. ह्यांना बोलता येत नाही, पण ऐकू सगळं येतं. नदीकाठी दगडांना काय तोटा, हे वाक्य आलं तेव्हा ह्यांनी डावा हात बाजेवर आपटला. दुसऱ्या पत्रात 'मला दिसलं नाही' आलं तेव्हा पुन्हा आपटला. दोन्ही जागी मी रेघ मारून ठेवली आहे."

आयुष्यात पहिल्यांदा तू मला 'तुम्ही' म्हणालीस.

मी समजत होतो की मी तुला लिहितो आहे. जे माझं खोटं पुराव्यानिशी ओळखतात त्यांच्याच उशाशी बसून तू ते वाचत होतीस. आणि त्यांना बाजेवर हात आपटण्यापलीकडे काही करता येत नव्हतं. ती जीभ मीच बंद केली आहे. आता दोन रेघांची उत्तरं देतो. हे पत्रही त्यांना वाचून दाखव.

दगड नदीकाठचा नव्हता. बाबुरावांनी आणला. मीच मागितला होता. "एक काळा दगड हवा, जुन्या जोत्याचा, मांडीएवढा. कशाला ते विचारू नका," असं मी म्हणालो. ते दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी डंपरमधून घेऊन आले. बुधवार पेठेत एक घर पाडलं होतं, त्याच्या जोत्याचा. मी शेंदूर काढला तेव्हा त्यांनी ओळखलं आणि पोट धरून हसले. "दादा, तुमचा देव बुधवारातला हाय बरं का. पक्का पुणेरी. दुपारी एक ते चार काई मागू नका त्याले, झोपते तो." मीही हसलो. मग त्यांनी माझ्या गळ्याची शपथ घेतली की हे कोणाला सांगणार नाही, तुलासुद्धा नाही. आठ महिने सांगितलं नाही. दोन वेळा भरलेली गाडी परत नेली ती त्यामुळेच. आम्ही ज्याला घाबरवायला देव उभा केला तो शेठ घाबरला नाही. देव नाही हे माहीत असलेला माणूस मात्र देवाचा मान राखत राहिला.

त्या संध्याकाळी लोकांनी त्यांना खाली ओढलं, तेव्हा पहिल्या झटक्यात फक्त धक्के आणि शिव्या होत्या. अजून कोणी दांडा उचलला नव्हता. "द्येवाच्या जागेवर चाक घातलं" असं सगळे म्हणू लागले तसे ते मला शोधू लागले. मी चार हातांवर होतो. त्यांच्या कपाळातून रक्त येत होतं, काच लागली होती. मला म्हणाले, "दादा, सांगा ना यायले. तुम्ही सांगा, नाई तं मी सांगतो."

मी सांगितलं असतं तर? गलका थांबला असता. लोकांनी मला धरलं असतं, थुंकले असते. गावात माझं जे आहे ते गेलं असतं. सकाळी दारावरून जाताना लोक मला हात जोडतात, ते गेलं असतं. बत्तीस घरांचा हप्ता त्या क्षणी माझ्या मनात नव्हता. झाडंही नव्हती. नंतर मी स्वतःला तसं सांगत राहिलो.

मी गप्प राहिलो. ते लोकांकडे वळले, दोन्ही हात वर करून म्हणाले, "अरे ऐका बाबाहो! हा देव नाई, हा दगड म्या..."

कोयता माझ्या हातात होता, मुक्ता. तो त्यांच्या उजव्या खांद्यात, मानेच्या मुळाशी बसला. हाडात अडकला. मी पाय लावून, दोन्ही हातांनी ओढून काढला. ते खाली बसले आणि माझ्याकडे बघत राहिले. त्या बघण्यात राग नव्हता. शपथ मोडायला निघालेल्या माणसाला जसं ओशाळं वाटतं तसं काहीतरी होतं. मी पुन्हा उचलला. दुसऱ्यांदा. तेव्हा अनिरुद्धने मागून माझं मनगट धरलं आणि कोयता हिसकावून घेतला. मोबाईलचं चित्रण तिथून सुरू होतं. तो त्यांना वाचवत होता.

पण राखणदारानेच घाव घातला म्हटल्यावर बाकीच्यांना परवानगी मिळाली. चांगभलं सगळ्यात आधी कोणी म्हटलं ते मला माहीत आहे. मीच म्हटलं. ते पुन्हा काही बोलले तर ऐकू येऊ नये म्हणून.

तुझं कार्ड आल्यावर गुरुवारी मी येरवड्याला गेलो. दहा महिन्यांत पहिल्यांदा. काचेपलीकडे अनिरुद्ध बसला होता, वाळला आहे. फोनवर मी त्याला म्हणालो, "तू माझं नाव का घेतलं नाहीस?"

"तुमचं कशाला घिऊ? तुमी थोडंच मारलं."

"मग कोणी?"

"द्येवानं. तुमच्या अंगात आला व्हता त्यो. तुमचं डोळं म्या जवळनं पाह्यलं, दादा. त्ये तुमचं नव्हतं. द्येवाला कुटं तुरुंगात घालत्यात व्हय? कुनीतरी बसाया पायजे. म्या बसलो."

मी म्हणालो, "अनिरुद्ध, तो देव नाही. बुधवार पेठेतला दगड आहे. मी शेंदूर लावला."

तो हसला. खरोखर, लहान मुलाकडे बघून हसावं तसा हसला. "परीक्षा घेताय व्हय माजी? म्या न्हाय डगमगत."

वेळ संपली. बाहेर रस्त्यावर अक्षता डबा घेऊन बसली होती. मला बघून उठली आणि पाया पडली. "दादा, तुमी म्हसोबाला सांगा, लवकर सोडव म्हनावं."

मी तिथून पायी निघालो. मांजरीपर्यंत चालत आलो, पाच तास. वाटेत एकाही देवळात गेलो नाही.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर तुला मिळालं आहे. पण ते फक्त तुझ्यापाशी असून उपयोग नाही. काय करायचं ते कळतं आहे. एकतीस घरांच्या चुली डोळ्यापुढे येतात आणि मी पुन्हा खाली बसतो. आणि मग कळतं की मी पुन्हा त्यांच्या आडच लपतो आहे.

ज्ञानदेव


पुणे
१९ जानेवारी २०२५

मुक्ता,

झालं ते क्रमाने लिहितो. उजव्या हाताची दोन बोटं बांधली आहेत, अक्षर समजून घे.

गेल्या रविवारी, बारा तारखेला, काठावर गटाची बैठक होती. पद्मजाताईही होत्या. विषय संपल्यावर मी उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. दगड कोणी आणला, शेंदूर कोणी लावला, दृष्टांत झाला नव्हता, कोयता कोणाचा, आणि तो का मारला. आवाज कापला नाही, याचं मलाच नवल वाटलं.

मग मागून एक जण म्हणाला, "दादा, आसं सांगाया तुमाला शेठनं किती दिलं?"

"काही नाही दिलं."

"मंग आमचं पैसं का बुडवताय? सही तुमची हाय त्या कागदावर! तुमी केलं म्हंजी गटानं केलं!"

"पैशाचं ऱ्हाऊ द्या!" एक म्हातारी ओरडली. "द्येवाला दगड म्हनतोय ह्यो! वाळंल जीभ!"

अक्षता माझ्यापुढे येऊन उभी राहिली. मी तिच्याकडे बघू शकलो नाही. तिने पायातली चप्पल काढली आणि माझ्या तोंडावर मारली. पुन्हा मारली. मोजून मारल्यासारखी मारत होती, एकेका महिन्याची. मी हात वर केला नाही. मग बाकीचे आले. जलपर्णी ओढायचे तेच बांबू. मी खाली पडल्यावर कोणीतरी हातावर उभं राहिलं. बरगडी मोडल्याचा आवाज आधी आला, दुखलं नंतर. कान फाटला. कोणी पैशासाठी मारत होतं, कोणी देवासाठी, आणि एकटी अक्षता तिच्या नवऱ्यासाठी. त्यातला कुठला मार कोणाचा, ते मला खालून ओळखू येत होतं. बाबुरावांना येत असेल का, असं तेव्हा मनात आलं.

ताईंनी अंगावर पडून मला सोडवलं. त्यांचा चष्मा फुटला. गाडीत घालताना मागे पाहिलं तर बाया म्हसोबाला दुधाने आंघोळ घालत होत्या, मी बोललेल्याचा विटाळ धुऊन काढायला. तो तिथून आता हलणार नाही.

"कुठे जायचं?" ताईंनी विचारलं.

"चौकीत."

"आधी दवाखाना. रक्ताने माखलेल्या माणसाचा जबाब कोणी घेत नाही, आणि घेतला तर मार खाऊन दिला म्हणतात."

टाके घालताना त्या बाहेर बसून होत्या. निघाल्यावर मी विचारलं, "कराराचं काय होईल?"

"मी खरं ते लिहीन. मागच्या वेळी मला खरं हवं नव्हतं, म्हणून मी तुम्हाला दुसऱ्यांदा विचारलं नाही. तो माझा भाग झाला." मग म्हणाल्या, "बहुतेक संपेल. झाडं मात्र कोणी उपटून नेणार नाही. मोठी झालीत."

चौकीत साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि अटक केली. कबुली न्यायाधीशांपुढे द्यावी लागते म्हणाले. गुरुवारी नेलं. न्यायाधीश बाई होत्या, तुझ्याच वयाच्या असतील. पोलिसांना त्यांनी खोलीबाहेर काढलं. कोणी धमकावलं का, कोणी पैसे देऊ केले का, कबुलीचा वापर तुमच्याविरुद्धच होईल हे कळतं का, असं सगळं विचारलं. मग म्हणाल्या, "विचार करायला उद्यापर्यंत वेळ देते."

मी म्हणालो, "अकरा महिने विचार केला आहे, बाई."

"तो तुमचा होता. हा कायद्याचा आहे."

शुक्रवारी पुन्हा नेलं. मी पुन्हा सगळं सांगितलं, काठावर सांगितलं होतं त्याच क्रमाने. अनिरुद्धने कोयता का घेतला तेही सांगितलं. ते दोनदा लिहून घ्यायला लावलं. अनिरुद्धच्या जामिनाचा अर्ज आता त्याच्या वकिलाने नव्याने करायचा आहे.

लेखनिकाने सगळं वाचून दाखवलं. ऐकताना एका जागी मी त्याला थांबवलं. त्याने लिहिलं होतं, रागाच्या भरात वार केला.

मी म्हणालो, "राग नव्हता. बाबुराव खरं बोलणार होते, म्हणून मारलं."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "ते दोन शब्द राहिले तर तुमच्या फायद्याचे आहेत. खोडले तर शिक्षा वाढू शकते. समजतंय ना तुम्हाला?"

"समजतं."

त्यांनी स्वतःच्या हाताने ते शब्द खोडले, बाजूला आपली सही केली आणि कागद माझ्याकडे सरकवला. बोटं बांधलेली होती, म्हणून वेळ लागला. मी पूर्ण नाव लिहिलं.

ज्ञानदेव